नाव न विचारणारी तपासणी



साथ आली की राज्यकर्त्यांना पहिला प्रश्न पडतो: आजारी कोण आहे, आणि तो राहतो कुठे? हा प्रश्न विचारण्याची एक रीत आपल्या भोसरीशेजारच्या चिंचवडला चांगलीच ठाऊक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घरोघर धाडले. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले, सामान रस्त्यावर काढले, माणसांची अंगे तपासली. लोकांनी काय केले? आजारी माणूस लपवायला सुरुवात केली. प्रेतसुद्धा लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास या भागात मी सांगायला नको. मला त्यातली एकच बाजू आज हवी आहे. रोग शोधायला निघालेल्या सरकारला लोकांनी रोग दिसू दिला नाही, आणि ज्या तपासणीची भीती वाटते ती तपासणी रोगाचा खरा आकडा कधी देत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला होता. तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला. या वेळी सोजीर नव्हते, आशाताई होत्या, आणि त्यांनी जीव धोक्यात घालून काम केले. पण गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले, दारावर कागद चिकटले, आणि पुन्हा तेच झाले. माणसे खोकला दाबू लागली. इथल्या कंत्राटी हेल्परचा हिशेब सरळ होता. तपासणीला गेलो तर आजची हजेरी बुडणार. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर चौदा दिवसांची बुडणार, आणि एका खोलीत राहणाऱ्या बाकीच्या पाच जणांचीही. ठेकेदार त्याची जागा धरून ठेवेल याची खात्री कोण देणार? तो मेडिकलमधून गोळी घेऊन सेकंड शिफ्टला गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

आजचा माझा विषय अशा तपासणीचा आहे, जी या माणसाला एकही प्रश्न विचारत नाही. तो सकाळी संडासला जातो, पाणी ओततो, आणि त्याच्याकडून जे कळायचे ते कळलेले असते. त्याचे नाव, गाव, आधार क्रमांक काही लागत नाही. मैलापाण्यातून विषाणू शोधणे ते हेच. देवळात किती माणसे आहेत हे आत न जाता, बाहेरच्या चपलांवरून ओळखण्यासारखे. कुठली चप्पल कुणाची हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते.

यामागचे शास्त्र फार गहन नाही. काही विषाणू आतड्यात वाढतात. पोलिओ, नोरो, रोटा हे त्यातले. कावीळ करणारे हेपटायटिस अ आणि ई प्रामुख्याने यकृतात वाढतात, पण तेही विष्ठेतून बाहेर पडतात. कोरोना श्वासाचा म्हणून ओळखला जातो, पण बऱ्याच रुग्णांच्या विष्ठेतून त्याचेही तुकडे बाहेर पडतात, कधी ताप येण्याआधी, कधी ताप मुळीच न येता. हे तुकडे ड्रेनेजच्या चेंबरातून, पंपिंग स्टेशनातून मैलाशुद्धीकरण केंद्रापर्यंत येतात. तिथल्या तोंडाशी बाटली भरायची, बर्फात ठेवायची, प्रयोगशाळेत न्यायची. पाणी गाळून, त्यात रसायन घालून विषाणू खाली बसवायचे, त्यांचा आरएनए काढायचा आणि आपल्या सगळ्यांना २०२० नंतर तोंडपाठ झालेली आरटीपीसीआर चाचणी करायची. मृत तुकडा असला तरी चाचणीला तो पुरतो. म्हणून या पाण्यात विषाणू सापडला याचा अर्थ त्या पाण्यातून कोरोना पसरतो असा होत नाही. हे दर वेळी सांगावे लागते, कारण दर वेळी बातमीचा मथळा उलटा येतो.

एक अडचण मात्र होते. आज पाणी पातळ, उद्या दाट. विषाणू कमी दिसला तो आजारी कमी झाले म्हणून, की कुठेतरी पाइप फुटून साधे पाणी मिसळले म्हणून? यावरचा तोडगा मला फार आवडतो. निरोगी माणसाच्या विष्ठेत सर्वांत जास्त आढळणारा आरएनए विषाणू कोणता, याचा शोध २००६ साली अमेरिका आणि सिंगापूरच्या संशोधकांनी घेतला. तो निघाला मिरचीच्या झाडाचा, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. मिरचीची पाने ठिपकेदार करणारा हा विषाणू आपल्या चटणीतून, सॉसमधून पोटात जातो, आपल्याला काही करत नाही आणि तसाच बाहेर पडतो. त्याचे प्रमाण बरेचसे स्थिर असते. त्यामुळे मैलापाण्यात मिरचीचा विषाणू किती आहे ते मोजले की त्या पाण्यात माणसांची घाण किती आणि नुसते पाणी किती याचा अंदाज येतो, आणि मग त्या मापाने कोरोना मोजता येतो. कोल्हापूरपासून खानदेशापर्यंत ज्या राज्यात तिखटाशिवाय घास उतरत नाही, तिथे हे माप अडचणीत येण्याचे भय नाही.

आता हे काही कोरोनाने शिकवलेले नवे तंत्र नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन पॉल आणि जेम्स ट्रास्क यांनी १९३९-४० च्या सुमारास पोलिओची साथ असलेल्या शहरांच्या गटाराचे पाणी माकडांना टोचून त्यात विषाणू असल्याचे दाखवले होते. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आपल्याला जवळची गोष्ट मुंबईची आहे, आणि ती मराठीत जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली गेली नाही, असे माझे मत आहे.

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात पूर्वी एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखले जाणारे केंद्र आहे. डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून तिथे मुंबईच्या मैलापाण्यात पोलिओ शोधायला सुरुवात केली. धारावीसारख्या दाट वस्त्यांतून नमुने येत. पोलिओ हा फसवा रोग आहे. विषाणूची बाधा झालेल्या सुमारे २०० मुलांमागे एखादेच लुळे पडते. बाकीची खेळत असतात, फार तर दोन दिवस ताप, आणि विषाणू पसरवत असतात. एक मूल लुळे पडल्याचे कळते तेव्हा शेकडो घरांतून विषाणू फिरून गेलेला असतो. गटारात मात्र तो त्याआधीच दिसू शकतो. मुंबईत तसेच झाले. शहरात लुळेपणाचा रुग्ण नसताना पाण्यात जंगली विषाणू सापडला, आणि त्याची जनुकीय ओळख पटवल्यावर तो उत्तर भारतातल्या विषाणूंचा नातलग निघाला.

इथे मी थोडा थांबतो, कारण हे वाक्य चुकीच्या हातात पडले तर त्याचे काय होते ते आपण जाणतो. 'बाहेरच्यांनी रोग आणला' ही आरोळी आपल्या पट्ट्यात फार स्वस्त आहे. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी त्या माहितीचे काय केले ते पाहा. विषाणू कुठून आला हे कळल्यावर लस कुठे पोचत नाही ते कळले. रेल्वे फलाटावर, बांधकामाच्या जागी, वीटभट्टीवर मुलांना थेंब पाजायला माणसे गेली. भारतातली जंगली पोलिओची शेवटची रुग्ण, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची मुलगी, १३ जानेवारी २०११ ची. आणि मैलापाण्यातला शेवटचा जंगली विषाणू त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईतच सापडला होता. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. गटारातल्या बाटल्या त्यानंतरही थांबल्या नाहीत, आणि थांबवू नयेत. २०१३ साली इस्रायलमध्ये एकही मूल लुळे न पडता मैलापाण्यातून जंगली पोलिओ पकडला गेला, ही आठवण ताजी आहे.

पोलिओसाठी ठरलेली ती वाट २०२० मध्ये आयती कामी आली. मुंबईच्या याच केंद्राने पोलिओच्या नमुन्यांतच कोरोना शोधला. टाळेबंदीपूर्वी, मार्चमध्ये घेतलेल्या पाण्यात तो नव्हता. मेमध्ये घेतलेल्या पाण्यात होता. देशात अहमदाबाद, हैदराबाद, बंगळुरू इथेही काम झाले. पुण्यात ते पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपण जिला एनसीएल म्हणतो तिथे, डॉ. महेश धारणे यांच्या गटाने उचलले. डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात त्यांनी पुणे परिसरातल्या उघड्या नाल्यांचे पाणी घेतले आणि त्यातल्या विषाणूची जनुकीय अक्षरे वाचली. सहा नमुन्यांत मिळून १०८ बदल सापडले. मार्चच्या नमुन्यांत डेल्टाच्या खुणा होत्या. मार्च २०२१ म्हणजे दुसरी लाट उसळत होती तो महिना. पुढच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी काय धावपळ झाली ती इथल्या प्रत्येक घराला आठवते. पुढे पुणे शहरातल्या दहा मैलाशुद्धीकरण केंद्रांतून नियमित नमुने घेतले गेले आणि डेल्टा मागे सरून ओमायक्रॉन कसा पुढे आला ते त्या पाण्यात उमटले.

मला या साऱ्यात त्या उघड्या नाल्यांचे मोल जास्त वाटते. युरोपातल्या संशोधनात बाटली भरायची जागा ठरलेली असते, कारण शहराचे बहुतेक मैलापाणी ड्रेनेजमधून शुद्धीकरण केंद्रात येते. आपल्याकडे तसे नाही, आणि नाला हीच ज्यांची वाहिनी आहे त्यांचीही मोजणी करायची असेल तर नाल्याकाठी उभे राहावे लागते.

इथे मी भोसरीला येतो.

तुमच्या एमआयडीसीत १९९२ पासून एक राष्ट्रीय संस्था आहे. आपण तिला नारी म्हणतो. एड्सवर संशोधन करणारी. आता तिचे नाव लांबले आहे आणि कामही एड्सपुरते राहिलेले नाही. कोविडमध्ये तिथे चाचण्याही झाल्या. तिच्या समोरून रोज जाणाऱ्या कित्येकांना आत काय चालते ते ठाऊक नसते. एचआयव्हीचा विषाणू गटारात शोधण्यात अर्थ नाही, तो रक्ताचा रोग. तरीही आजच्या विषयाशी त्या संस्थेचे जवळचे नाते आहे. नव्वदच्या दशकात एचआयव्ही किती पसरला हे मोजायचे होते, आणि नाव फुटेल या भीतीने कुणी पुढे येत नव्हते. तेव्हा देशभर एक रीत अवलंबली गेली. गरोदर बायकांचे दुसऱ्या तपासणीसाठी काढलेले रक्त उरते, त्यावरचे नाव काढून टाकायचे आणि मग ते तपासायचे. व्यक्ती कळत नाही, प्रमाण कळते. मैलापाण्याची तपासणी हीच गोष्ट आणखी पुढे नेते. तिच्यात नाव काढून टाकावे लागत नाही, ते नसतेच मुळी.

पण तिच्यात एक अन्याय लपलेला आहे, आणि तो आपल्या पट्ट्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित कुठे दिसेल. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी केलेली तपासणी ज्याच्या संडासाला ड्रेनेज जोडलेले आहे त्यालाच मोजते.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे १९७० साली एका नगरपालिकेत आली. १९८२ मध्ये महापालिका झाली. मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली, दिघी ही गावे १९९७ साली आत आली, म्हणजे एका पिढीनंतर. जिथे पालिका आधी पोचली तिथे ड्रेनेज आधी पोचले. जिथे नंतर पोचली तिथे बिल्डरच्या इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाइप मागून आले. कासारवाडी, चिखली, चऱ्होली ही आपल्या सभोवतालची शुद्धीकरण केंद्रे. त्यांच्या तोंडाशी बाटली भरली तर सोसायट्या मोजल्या जातील, जुने गावठाण मोजले जाईल. ज्या खोल्यांच्या मागून सरळ नाल्यात पाणी जाते, त्या मोजल्या जाणार नाहीत. सार्वजनिक शौचालयाच्या टाकीतून जे बाहेर येते ते कुठे जाते यावर सगळे ठरेल.

आणि हद्द ओलांडून मोशीच्या पुढे गेले की चाकणचा पट्टा. नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी ही कागदावर गावे आहेत. प्रत्यक्षात ती कामगारांची शहरे झाली, ग्रामपंचायतीच्या खर्चात चालणारी. तिथे भाड्याच्या खोल्यांच्या ओळीला एक सेप्टिक टँक, आणि तो भरला की टँकरवाल्याला फोन. त्या मैल्याला कुठलेही तोंड नाही जिथे बाटली लावता येईल. बरे, तिथे राहणारा माणूस शिफ्टला भोसरीत येतो आणि भोसरीतला चाकणला जातो. दिवसातले बारा तास कंपनीत. कोण कुठे मोजला गेला? रात्रपाळीच्या माणसाचे पोट सकाळी सहाला कंपनीच्या संडासात रिकामे होत असेल तर चोवीस तासांचा नमुना हवा. सकाळी नऊला भरलेली एक बाटली सोसायटीतल्या लोकांचीच असते.

कारखान्याच्या पाण्याची कथा तर वेगळीच. प्लेटिंगवाले, पिकलिंगवाले, पावडर कोटिंगवाले यांच्यातले काही जण आपले आम्ल आणि धातूचे पाणी रात्री ड्रेनेजमध्ये किंवा नाल्यात सोडतात, हे इंद्रायणीवरचा फेस पाहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. कार्तिकीला आळंदीत वारकरी त्याच फेसात स्नान करतात. विषाणूचा आरएनए मुळात नाजूक. तीव्र आम्लात तो टिकत नाही, आणि धातू व रसायने पीसीआरची क्रियाच अडवतात. चाचणी 'नाही' म्हणते. विषाणू नव्हता म्हणून, की विषाणूला क्रोमने मारले म्हणून? प्रयोगशाळा हे ओळखण्यासाठी नमुन्यात आधीच मोजून एक निरुपद्रवी विषाणू घालते; तोही सापडला नाही तर समजायचे की पाण्यातच दोष आहे. म्हणजे गंमत पाहा, नदी स्वच्छ करा म्हणून ओरडणारे आणि साथीवर लक्ष ठेवा म्हणणारे, दोघांचे भांडण एकाच पाइपशी आहे. पर्यावरण आणि आरोग्य या दोन खात्यांच्या माणसांनी एका टेबलावर बसावे, एवढी साधी गोष्ट अजून का होत नाही हे मला कळलेले नाही.

काही मर्यादा पटकन सांगून टाकतो. पावसाळ्यात ओढे-नाले एक होतात आणि जून ते सप्टेंबर आकडे सैल पडतात. मैलापाण्यातून 'भोसरीत इतके रुग्ण' असा आकडा काढता येत नाही; चढ आहे की उतार, एवढे मात्र विश्वासाने सांगता येते. डासांमुळे होणाऱ्या रोगांना ही पद्धत फारशी उपयोगाची नाही. आणि ती लसीची किंवा डॉक्टरची जागा घेत नाही.

मग तिचा उपयोग काय, असे विचाराल तर जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या बाजूला माणसे लुळी पडू लागली, गुलेन बारे म्हणजे जीबीएस. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, आपल्या शहरातही रुग्ण निघाले. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरो विषाणू सापडले. रोगाचा क्रम लक्षात घ्या. आधी जुलाब, मग एक-दोन आठवड्यांनी हातापायातली शक्ती जाणे. जुलाबाला आपल्याकडे कुणी आजार मानत नाही. मीठसाखरेचे पाणी आणि कामावर. त्या जुलाबांची नोंद कुठल्याही रजिस्टरात नव्हती, पण ती मैलापाण्यात होती. त्या भागातून आठवड्याला एक बाटली कुठे जात असती तर हॉस्पिटलात गर्दी होण्याआधी तिथल्या विहिरीच्या पाण्याकडे कुणाचे तरी लक्ष गेले असते, असे मी म्हणतो. जोडून हेही सांगतो की सिंहगड रस्त्याची ती गावे नुकतीच महापालिकेत आलेली होती. पाण्याची आणि मैल्याची व्यवस्था जिथे मागे पडते तिथेच साथ पुढे जाते, आणि तिथेच बाटली पोचत नाही.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२५ मध्ये ५० शहरांत दहा विषाणूंसाठी मैलापाण्यावर लक्ष ठेवण्याचे जाहीर केले. चांगले आहे. पण शहर म्हणजे शुद्धीकरण केंद्र असे धरून चालले, तर आपल्या पट्ट्यातला सर्वांत जास्त दाटीने राहणारा, सर्वांत कमी रजा मिळणारा माणूस त्यातून गळेल, आणि कागदावर सगळे झाकलेले दिसेल.

म्हणून मला पालिकेकडे आणि इथल्या कारखानदारांच्या संघटनांकडे काही मागायचे आहे. बाटल्या केंद्राच्या तोंडाशी तर भराच, पण इंद्रायणीकडे उतरणाऱ्या एका मोठ्या नाल्यावर आणि पवनेकडे जाणाऱ्या एकावरही भरा. सार्वजनिक शौचालयाच्या टाकीतूनही घ्या. नमुना दोरीला बांधलेल्या भांड्याने किंवा यंत्राने घ्यावा. चेंबरात माणूस उतरवायचा नाही; सुरक्षेच्या साधनांशिवाय सफाईला तसे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याआधीपासून पाप आहे. निकाल प्रभागाच्या पातळीवर जाहीर करा, त्याखाली नको. एका इमारतीचा किंवा एका चाळीचा निकाल फलकावर लागला की पत्रे ठोकायला वेळ लागणार नाही, आणि मग नाव न विचारणारी ही तपासणीसुद्धा रँडची होईल. निकालाच्या जोडीला दवाखान्यांना निरोप जावा: या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण विचारून घ्या, क्लोरीन तपासा. कंपन्यांनी त्या आठवड्यात आजारी माणसाची हजेरी कापू नये. हे शेवटचे माझ्या विषयाबाहेरचे वाटेल, पण चढ दिसल्यावर माणसाला घरी बसता आले नाही तर चढ मोजून करायचे काय?

चाकणच्या बाजूसाठी वेगळी वाट काढावी लागेल. तिथे पाइप यायला वर्षे लागतील, तोवर मैला टँकरातून फिरणार. टँकर जिथून भरतो तिथे एक बाटली घेता येते, वस्तीही कळते आणि घर कळत नाही. त्यासाठी आधी कुठले टँकर कुठल्या गावातून भरतात आणि कुठे रिकामे होतात त्याची यादी हवी. ती यादी प्रयोगशाळेत बसून होणार नाही. टँकरवाल्यांशी बोलावे लागेल, आणि ते खरे सांगतील अशा बेताने बोलावे लागेल, कारण कुठे रिकामे करतो हे सांगितले की दंड होतो हे त्यांना पक्के माहीत आहे.